मोरिसाकीच्या माळ्यावर

टोकियोतल्या जिंबोचो भागात यासुकुनी रस्त्याच्या दक्षिण कडेला जुन्या पुस्तकांची दुकानं ओळीने बसली आहेत आणि बहुतेकांची तोंडं उत्तरेला आहेत. समोरच्या कडेला अशी दुकानं थोडीच. दक्षिणेला तोंड केलं की दिवसभर ऊन आत येणार, पुठ्ठ्यांचे रंग उडणार, कागद ठिसूळ होणार. म्हणून इथल्या दुकानदारांनी पिढ्यानपिढ्या सावलीची बाजू धरली. घर घेताना आपण उजेड बघतो, वारा बघतो. इथे आख्खी बाजारपेठ सावली बघून वसली आहे.

सातोशी यागिसावा यांची ‘डेज अ‍ॅट द मोरिसाकी बुकशॉप’ ही कादंबरी याच भागातल्या एका कल्पित दुकानात घडते. जपानीत ती २०१० साली आली. यागिसावांचं ते पहिलंच पुस्तक. त्याला चियोदा साहित्य पुरस्कार मिळाला, आणि जिंबोचो ज्या प्रभागात येतं तो प्रभागही चियोदाच. ज्या गल्ल्यांची गोष्ट, त्याच गल्ल्यांनी तिला उचलून धरलं, हे मला फार आवडलं. एरिक ओझावा यांचा इंग्रजी अनुवाद २०२३ मध्ये आला आणि मग ती जगभर वाचली गेली. माझ्या हाती आली ती बाबा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात.

गोष्ट छोटी आहे. पंचवीस वर्षांची ताकाको क्यूशूहून टोकियोत नोकरीला आलेली. ज्याच्याबरोबर संसार करायचा असं तिने मनाशी धरलेलं, तो हिदेआकी एका संध्याकाळी जेवता जेवता सांगून टाकतो, माझं लग्न ठरलंय. मुलगी दुसरीच, त्याच ऑफिसातली. ताकाको भांडत नाही, त्याच्यासमोर रडतही नाही. रोज त्या दोघांना समोर बघणं सोसवेना म्हणून नोकरी सोडते आणि खोलीवर जाऊन झोपते. उठावं कशासाठी, हेच तिला कळेनासं होतं. अशात एक दिवस सातोरुमामाचा फोन येतो. जिंबोचोत त्याचं घरातून चालत आलेलं पुस्तकांचं दुकान आहे, आधुनिक जपानी साहित्याचं. वर माळ्यावर एक खोली आहे, पुस्तकांनी भरलेली. तिथे येऊन राहा, म्हणतो.

ताकाकोला पुस्तकांची आवड नाही. मामाबद्दल फारशी ओढही नाही. लहानपणी भेटलेला, जरा विचित्र वाटलेला माणूस, एवढीच त्याची ओळख. ती येते कारण दुसरीकडे कुठे जावं हे तिला सुचत नाही. माळ्यावर ढिगारे सरकवून अंथरुणापुरती जागा करते, आणि तिथेही झोपूनच राहते.

या झोपेपाशी मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले. दुःखाच्या गोष्टीत माणसं रडतात, दारू पितात, लांबच्या प्रवासाला निघतात. नुसती झोपतात, असं मी फार थोड्या ठिकाणी वाचलंय. माझी आई बाबांच्या तेराव्यानंतर अशीच झोपायची. सकाळी चहा घ्यायची, भांडं विसळून ठेवायची आणि परत आडवी व्हायची. आयुष्यभर पाचला उठलेली बाई. घरात येणारं प्रत्येक माणूस मला बाजूला घेऊन सांगायचं, त्यांना उठव, कामात गुंतव, देवळात ने, भिशीला पाठव. सगळ्यांना आमचं बरंच व्हावं असं वाटत होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. शेजारच्या काकूंनी किती तरी दिवस आमच्याकडे चूल पेटू दिली नाही. पिठलं-भात, मऊ खिचडी, ताकाची कढी असं काही ना काही डब्यातून यायचंच. पण डब्याबरोबर एक वाक्यही यायचं, ‘आता सावरायला हवं हो.’ आई मान हलवायची आणि ते माणूस गेलं की भिंतीकडे तोंड करून पडायची.

सातोरुमामा बडबड्या आहे. ताकाकोला त्याची बडबड नकोशीही होते. पण तिच्या झोपेला तो हात लावत नाही. खाली दुकान उघडतो, धूळ झटकतो, दुखरी कंबर सांभाळत गठ्ठे उचलतो, नेहमीच्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. वर एक पोर झोपलेली आहे आणि खाली जग चाललेलं आहे. पुढे केव्हा तरी तो तिला सांगतो, की आयुष्यात मधेच थांबावं लागतं, तेव्हा या जागेला बंदर समज, नांगर टाक, विसावा झाला की निघ. दुसऱ्या कुणाच्या तोंडी हे वाक्य मला खोटं वाटलं असतं. मामाच्या तोंडी पटतं, कारण बोलण्याआधी त्याने तसं वागून दाखवलेलं असतं. शिवाय तो स्वतःही कुठेतरी थांबलेलाच आहे. त्याची बायको मोमोको पाच वर्षांपूर्वी काही न सांगता घर सोडून गेली, आणि तो रोज दुकान उघडतो आहे.

मग एका रात्री ताकाकोला झोप येत नाही. हाताला लागेल ते पुस्तक ती ओढते. मुरो साइसेई या कवी-कादंबरीकाराचं असतं ते. रात्र सरते आणि ती वाचतच राहते. वाचनाची गोडी लागण्याचा हा प्रसंग यागिसावांनी अजिबात सजवलेला नाही. त्या पुस्तकात तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात काय होतंय हे जाणून घ्यावंसं वाटतं, एवढंच घडतं. त्या काळात मलाही नेमकं तेच जमत नव्हतं. माझं सगळं लक्ष आमच्याच घरातल्या रिकाम्या खुर्चीवर खिळलेलं होतं. दुसऱ्या कुणाचं काय चाललंय हे विचारायची इच्छाच मेली होती. शोकातला हा भाग फारसा कुणी सांगत नाही. मन मोठं होतं म्हणतात. काही दिवस तरी ते फार लहान होतं.

पुढे तिच्या हाती मोतोजिरो काजिईचं पुस्तक येतं. काजिई १९३२ साली, वयाच्या ३१व्या वर्षी, क्षयाने गेला. त्याच्या एका कथेत कुणीतरी काही ओळींखाली रेघ मारून ठेवलेली तिला दिसते. एका पुस्तकात कुणी खुणेसाठी ठेवलेलं वाळकं फूल निघतं. लेखक केव्हाच गेलेला, रेघ मारणारा कोण आणि कुठे ते कळायला मार्ग नाही, आणि माळ्यावर दिव्याखाली बसलेल्या पोरीला त्याच ओळी मनाला लागतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानाशिवाय हे कुठे घडेल?

इथून माझं कुतूहल कादंबरीपेक्षा त्या जागेकडे जास्त वळलं. जिंबोचो पुस्तकांचं गाव कसं झालं? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या भागात आणि आसपास कायद्याच्या शाळा निघाल्या, त्यांतूनच पुढे मेइजी, चुओ, निहोन, सेन्शू ही विद्यापीठं वाढली. विद्यार्थ्यांना पुस्तकं लागत, आणि वर्ष संपलं की तीच विकून पैसे उभे करायचे असत. आपल्याकडे अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात जे चालतं तेच. मग १९१३ साली, जिंबोचो ज्यात येतं त्या कान्दा नावाच्या भागात मोठी आग लागली आणि इथली वस्ती जळून गेली. त्याच वर्षी, जळून पुन्हा उभ्या राहणाऱ्या त्या वस्तीत, इवानामी शिगेओ नावाच्या शिक्षकाने मुलींच्या शाळेतली नोकरी सोडून जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं. पुस्तकावर लिहिलेली किंमत हीच शेवटची, घासाघीस नाही, असा त्याचा नियम होता. तेव्हाच्या बाजारात तो नवाच होता. पुढच्याच वर्षी त्याने नात्सुमे सोसेकींची ‘कोकोरो’ छापली, आणि त्या दुकानातून इवानामी शोतेन ही जपानची एक फार मोठी प्रकाशन संस्था उभी राहिली.

१९२३ च्या भूकंपात हा भाग परत जळाला. परत बांधला गेला. महायुद्धात टोकियो होरपळत असताना मात्र जिंबोचो बरंचसं वाचलं. आज तिथे शंभराहून जास्त पुस्तकांची दुकानं आहेत आणि प्रत्येकाचा विषय वेगळा. ओया शोबो १८८२ पासूनचं, जुने नकाशे आणि लाकडी ठशांची चित्रं ठेवणारं. किताझावा इंग्रजी पुस्तकांचं. यागुची नाटक-सिनेमाच्या पुस्तकांचं आणि संहितांचं. दर शरद ऋतूत रस्त्याकडेला फडताळं मांडून जुन्या पुस्तकांचा उत्सव भरतो, तो १९६० पासून. आणि या सगळ्यात करीची हॉटेलं! जिंबोचो करीसाठीही प्रसिद्ध आहे. लोक सांगतात, की एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून जेवता येतं, म्हणून पुस्तकवाल्यांच्या वस्तीत करी रुजली. खरंखोटं काहीही असो, असं कारण सांगणाऱ्या गावात मला राहायला आवडेल.

पण सगळ्यात जास्त मी वाचत राहिले ते पुस्तकं या दुकानांत येतात कुठून, याबद्दल. खूपशी येतात ती घरांमधून. कुणी प्राध्यापक, कुणी नाटकवेडा, कुणी नुसताच वाचणारा माणूस जातो, आणि घरच्यांना फडताळांचं काय करावं कळत नाही. दुकानदार घरी येऊन बघतो, भाव सांगतो, गठ्ठे बांधून नेतो. मग तोक्यो कोशो काइकान या त्यांच्या संघाच्या इमारतीत आठवड्याच्या कामाच्या दिवशी फक्त व्यापाऱ्यांचे लिलाव होतात. गठ्ठ्यांना पाकिटं लावलेली असतात, दुकानदार आपली बोली चिठ्ठीवर लिहून पाकिटात टाकतात. ज्याच्या विषयाचा गठ्ठा, तो त्याच्यासाठी जास्त मोजतो. म्हणजे एका माणसाचा संग्रह फुटतो, पण वाटेल तसा विखुरत नाही. नकाशे नकाशेवाल्याकडे जातात, नाटकं नाटकवाल्याकडे, आणि तिथे ती पुन्हा वाट बघत बसतात. जिंबोचोच्या त्या रांगा म्हणजे एका अर्थी हजारो मोडलेल्या घरांची फडताळं आहेत, विषयवार नीट लावून ठेवलेली. मोरिसाकीच्या माळ्यावर ताकाको ज्या ढिगाऱ्यांत झोपते, त्यातल्या बऱ्याच पुस्तकांचे धनी तिच्याआधी गेलेले असणार. कादंबरी हे उघड बोलून दाखवत नाही. मला मात्र ते सारखं दिसत होतं, कारण आमच्या घरात तोच प्रश्न उभा होता.

बाबा कऱ्हाडात शिक्षक होते. पगारातून, उसनवारीतून, सहलीच्या भत्त्यातून त्यांनी पुस्तकं घेतली. प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर, पहिल्या पानावर निळ्या शाईत नाव, गाव, तारीख. गावाचं नाव म्हणजे जिथे घेतलं ते. कोल्हापूर, पुणे, मिरज, एकावर तर नुसतंच ‘बसस्टँड’. काचेच्या कपाटात कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या. ते गेल्यावर मी एका वाचनालयात विचारलं. जागा नाही, म्हणाले. कुणीतरी सुचवलं, रद्दीवाला किलोवर नेतो. ते वाक्य माझ्या डोक्यात कितीतरी दिवस घुमत राहिलं. बाबांची सही किती ग्रॅमची?

शेवटी ओळखीतून जुन्या पुस्तकांचे एक व्यापारी पुण्याहून आले. वयस्कर गृहस्थ, खांद्यावर झोळी. त्यांनी आधी भाव काढला नाही. खाली बसले, एकेक पुस्तक उघडून पहिलं पान वाचत गेले. ‘सर मिरजेला काय करत होते हो सत्त्याहत्तर साली?’ असं विचारलं. आई आतल्या खोलीत पडलेली होती. ती उठून दारात आली आणि म्हणाली, ‘माझं माहेर मिरजेचं.’ मग ती बोलत राहिली. कुठलं पुस्तक कुठे घेतलं, कुठल्यासाठी घरात भांडण झालं, कुठलं मला कडेवर घेऊन उभ्या उभ्या वाचलं. ते ऐकत होते आणि मधूनच एखादं पुस्तक बाजूला काढत होते. जाताना मला म्हणाले, ‘ताई, नाव-तारखेचं पान फाडू नका. लोक फाडून देतात. ते पान असलं की पुढच्याला पुस्तक घरचं वाटतं.’ खालची तीन फडताळं त्यांनी नेली. वरचं आईने दिलं नाही.

कादंबरीच्या दुसऱ्या भागात मोमोकोमामी परत येते, जशी गेली तशीच, अचानक. मामा सैरभैर होतो. ही का आली ते काढून घे, म्हणून ताकाकोला गळ घालतो. मामी-भाची डोंगरावरच्या एका ठिकाणी राहायला जातात आणि तिथे मामीचं गाठोडं हळूहळू सुटतं. त्यात काय आहे ते इथे सांगत नाही, वाचायचं असेल त्यांच्यासाठी ठेवते. एवढंच म्हणते, की पहिल्या भागातलं प्रेमभंगाचं दुःख मला उथळ वाटत गेलं ते याच भागामुळे. हिदेआकीच्या दारात जाऊन त्याला जाब विचारण्याचा प्रसंग तर फारच सोपा आहे. मनात साचलेलं एकदा बोलून टाकलं आणि मोकळं झालं, असं आयुष्यात क्वचित होतं. चहाची दुकानं, मांजरं, पुस्तकं आणि दुखावलेली माणसं असं मिश्रण असलेल्या अनुवादित कादंबऱ्यांचा सध्या सुकाळ आहे, आणि त्यांतल्या काही मला अतिगोड वाटतात. मोरिसाकीतही साखर आहे. पण मामीपाशी यागिसावांचा हात आखडतो, कमी शब्द वापरतो, आणि तिथे ते खरे लेखक होतात.

म्हणून याचा पुढचा भागही वाचावा असं मी आग्रहाने सांगेन. तो इंग्रजीत २०२४ मध्ये आला. त्यात मोमोकोमामी वारते. इतके दिवस दुसऱ्यांना सावली देणारा मामा कोसळतो आणि माळ्यावर झोपून राहिलेली ती पोर त्याच्यासाठी उभी राहते. पहिलं पुस्तक एकटं वाचलं तर वाटतं, की दुःख म्हणजे एक मुक्काम, उठलो की संपला. दोन्ही वाचली की कळतं, की मुक्कामाला येणारं माणूस फक्त बदलत राहतं. सांभाळणाऱ्यालाही कधीतरी कुणीतरी सांभाळावं लागतं, आणि ते काम त्यालाच जमतं ज्याला एकदा कुणी घाई न करता झोपू दिलेलं असतं. ताकाको स्वतःला सापडते ती इथे, असं मला वाटतं. आवड कुठली, नोकरी कुठली, प्रेम कुणाशी हे सगळं ती आधी शोधून झालेली असते. पण मामाच्या शेजारी नुसतं बसून राहायला लागणारं बळ आपल्यात आहे, हे तिला तेव्हाच कळतं.

ते वाचून झालं तेव्हा मी आईला भिशीला, देवळात, कुठेही पाठवायचं सोडून दिलं होतं. ती दुपारी झोपायची, मी शेजारी बसून काम करायची. वरच्या फडताळातली पुस्तकं तिने कधी काढायला सुरुवात केली ते माझ्या लक्षातही आलं नाही. बाबा असताना ती फार वाचत नसे. घर, शाळेचे डबे, सासूबाईंची औषधं, पाहुणे यांतून वेळच नव्हता. बाबा वाचून दाखवायचे तेवढंच तिचं वाचन. आता तिने महाभारतावरचं एक पुस्तक काढलं होतं. त्यात गांधारीवर एक प्रकरण आहे, आणि बाबांना समासात पेन्सिलीने लिहायची सवय होती. डोळ्यांवरच्या पट्टीपाशी त्यांनी लिहून ठेवलेलं, ‘केवढा त्याग!’

त्याच्या खाली परवा मला बॉलपेनने लिहिलेलं दिसलं, आईच्या वळणदार अक्षरात: ‘त्याग कसला, राग आहे हा.’

पुढच्या पानांवरही बाबांच्या पेन्सिलीखाली तिचं बॉलपेन आहे. काही ठिकाणी एकच शब्द, काही ठिकाणी समास संपेपर्यंत. मी वाचायला मागितलं तर म्हणाली, ‘माझं संपू दे आधी. अजून कुंती राहिलीय.’